जावास्क्रिप्ट क्लिक लावण्याआधी

"लॅपटॉपवर ऑटोमेशन टेस्ट पास होते, सर्व्हरवरच्या रात्रीच्या रनमध्ये तेच बटण क्लिक होत नाही. जावास्क्रिप्टने क्लिक करून टाकू का?" तुमचा प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. लोकेटर, म्हणजे पानावर बटण शोधायचा पत्ता, बरोबर आहे हे धरून चालतो.

नका करू. मी केलं होतं. सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं टूल) 'एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड', म्हणजे क्लिक मध्येच दुसऱ्याने अडवला, ही एरर अधूनमधून यायची. वैतागून कॉमन फंक्शनमध्येच जावास्क्रिप्ट क्लिक घुसवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हिरवागार, माझं कौतुकही झालं. मग रिलीज गेली. लोडरचं चक्र थांबायचं, पण त्याचा पारदर्शक पडदा पेमेंटच्या बटणावर तसाच राहायचा. लोक बटण दाबतायत, काहीच होत नाही. आमच्या टेस्ट मात्र पास, कारण जावास्क्रिप्ट क्लिक वर काय आडवं आलंय ते बघतच नाही, इव्हेंट थेट बटणावर सोडतं. आधी अधूनमधून येणारी एररही त्याच पडद्याची होती. क्लायंटने कॉलवर विचारलं, "मग तुम्ही नक्की काय टेस्ट केलंत?" मी म्यूटवर.

तर एरर शेवटपर्यंत वाचा. क्रोममध्ये क्लिक कोणत्या एलिमेंटला लागला असता तेही त्यात लिहिलेलं असतं. सेलेनियम बटणाच्या दिसणाऱ्या भागाच्या मधोमध क्लिक करतं. तिथे वरचा स्थिर हेडर किंवा कुकीची पट्टी आली की संपलं. आणि 'एलिमेंट टू बी क्लिकेबल' या वेटच्या (थांबायच्या अटीच्या) नावावर भुलू नका. ते फक्त बटण दिसतंय आणि एनेबल आहे एवढंच बघतं, झाकलेलं आहे का ते नाही. वेट लावायचाच तर तो पडदा अदृश्य होण्यासाठी लावा.

सर्व्हरवरच पडतंय म्हणजे विंडो साइज बघाच. जुन्या हेडलेस (खिडकी न दाखवता चालणाऱ्या) क्रोमची डिफॉल्ट ८०० बाय ६०० होती, त्यात अख्खा लेआउट बदलतो. आणि इम्प्लिसिट (प्रत्येक शोधाला सरसकट) आणि एक्स्प्लिसिट (एका ठरावीक अटीसाठी) वेट एकत्र वापरू नका.

पडलेली टेस्ट पुन्हा चालवायची, रिट्राय तीन करा असं कोणीतरी सांगेलच. आमच्याकडेही सांगितलं होतं, वर "टेस्ट फ्लेकी (कधी पास, कधी फेल) असतातच" हेही. यावर माझं मत कडवट आहे, तुमच्या प्रोजेक्टला लागू पडेलच असं नाही. 'स्टेल एलिमेंट' (पकडलेलं बटण पानावरून बदललं किंवा गेलं) ही एरर येत असेल तर हे सगळं सोडा, तो आजार वेगळा. प्लेराइट हे दुसरं टूल झाकलेपण स्वतः तपासतं, पण तिथे ही तपासणी टाळणारं 'फोर्स' लावलात की पुन्हा माझ्याच खड्ड्यात.

एररमधली ती दुसऱ्या एलिमेंटची ओळ टाका, मग बघू.