डायलॉग ऐकू येईनात आणि फायटिंगला भांडी वाजतात!

प्रश्न : आमचं घर वडगावात, शेजारी माग चालतात. दिवाळीला ५.१ होम थिएटर घेतलं. हॉल १२ बाय १२ फुटांचा, खाली फरशी. पिक्चरमधलं बोलणं काही कळंना म्हणून आवाज वाढवावा तर फायटिंगला कपाटातली भांडी वाजतात आणि वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून येतात. दुकानदार म्हणतोय यापेक्षा मोठा सेट घ्या. घेऊ काय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : अजिबात घेऊ नका. मोठा सेट त्याच खोलीत आणून ठेवलात तर काकू दिवसातनं दोनदा येतील, दुसरं काय होणार?

आधी टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट बघा. तिथं 'पीसीएम' असेल आणि वायर ऑप्टिकल किंवा साध्या एआरसीची (टीव्हीचा आवाज सेटकडं नेणारी एचडीएमआय वायर) असेल तर सेटला दोनच चॅनेल, म्हणजे डावा आणि उजवा आवाज मिळतो, बाकीचे स्पीकर नुसते शोभेला. ते 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. अर्थात मूळ कार्यक्रमच स्टिरिओ असेल तर यानं काही फरक पडणार नाही, बऱ्याच सिरियलींचं तसंच असतं.

पिक्चरमधले बहुतेक डायलॉग मधल्या म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि आपल्याकडं नेमका तोच शोकेसच्या खणात, फोटो फ्रेम आणि ट्रॉफीच्या मागं ढकललेला असतो. त्याला खणाच्या अगदी कडेला पुढं आणा, टीव्हीच्या खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराचा तुकडा घालून तोंड थोडं वर, बसणाऱ्याच्या कानाकडं करा. मग मेनूत जाऊन फक्त सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवा. 'नाईट मोड' असेल तर तोही लावा, त्यानं हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं, रात्री तर हे पाहिजेच. मागचे दोन स्पीकरसुद्धा टीव्हीशेजारीच मांडलेली घरं मी बघितलीयत, वायर पुरंना म्हणे! त्यांची जागा सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, थोडं मागं आणि कानाच्या जरा वर.

आता खोली. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीच्या पाठोपाठ 'टर्रर्र' असा आवाज आला तर समजा की समोरासमोरच्या भिंती आणि फरशी आवाज एकमेकांकडं टोलवतायत, त्यात अक्षरं पुसली जातात. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये एखादा जाड जमखाना टाका, नवलगुंदचा घरात असेल तर घडी करून माळ्यावर कशाला ठेवायचा? जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट पण कामाला येतं.

भांडी वाजतात ते बेसमुळं, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांमुळं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशेबानं १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, आणि तुमचा हॉल चौरस म्हणजे लांबीरुंदी दोन्हीकडं तोच सूर. त्यात सबवूफर, म्हणजे बेसचा डबा, कोपऱ्यात असला तर विचारूच नका. एक युक्ती करा, सबवूफर उचलून सोफ्यावर तुमच्या जागेवर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि तुम्ही गुडघ्यावर रांगत भिंतीकडंनं फिरा. घरचे हसतील, हसू देत. जिथं बेस घुमत नाही, स्पष्ट आणि सरळ वाटतो तिथं सबवूफर ठेवा. छोट्या स्पीकरना क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडं जातो तो आकडा) ८० हर्ट्झपासून सुरू करून बघा, एकदमच लहान असतील तर थोडा वर.

मागाचा खटखटाट मात्र पडद्यानं थांबणार नाही. तो खिडकीच्या फटीतनं येतो, म्हणून त्या बाजूच्या खिडकीला रबराची पट्टी लावून घ्या, शंभर-दोनशेची गोष्ट आहे.

प्रश्न : आमचं खानापूरकडं कौलारू घर. भिंतीला अंड्याचे ट्रे लावले तर आवाज सुधारतो म्हणतात, खरं काय?

उत्तर : नाही ओ. ट्रे पातळ असतात, वरच्या पट्टीतला थोडा आवाज खातात, बेस आणि बोलण्याचा मधला पट्टा तसाच राहतो, शिवाय कागद पेट घेतो. त्यापेक्षा गाद्या-लोड मांडा. पावसाळ्यात स्पीकर ओल्या भिंतीला चिकटवू नका आणि सेट अधूनमधून चालू ठेवा, स्पीकरच्या कागदी कोनला (आतल्या पडद्याला) बुरशी लवकर लागते. कौलावर धो-धो पाऊस पडत असला की पिक्चर नकोच, भजी तळा.

प्रश्न : सेट चालू केला की सारखा 'हूंऽऽ' आवाज येतो, निपाणीत दोन मेकॅनिक दाखवून झाले.

उत्तर : केबल टीव्हीची वायर सेटटॉप बॉक्समधून काढून बघा. हूं बंद झालं तर सेटमध्ये दोष नाही, दोन ठिकाणच्या अर्थिंगचा लूप झालाय. टीव्ही, बॉक्स, सेट सगळं एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिलं तर केबलच्या वायरीला आयसोलेटर (हा लूप तोडणारा जोड) बसवा. कुणी प्लगची अर्थिंगची पिन तोडा म्हणून सांगितलं तर त्याला दारातनंच परत पाठवा, त्यात शॉक बसायची भीती आहे.