कचरा डेपो बंद झाला, पण पुढची 15 वर्षं कोण बघणार?

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. आमचा कचरा डेपो बंद करून त्याचं कॅपिंग (कचऱ्याचा ढीग मातीच्या थरांनी झाकणं) होऊन 4 वर्षं झाली, ठेकेदार बिल घेऊन कधीच गेला. आता प्रदूषण मंडळाचं पत्र आलंय, विहिरींच्या पाण्याचे आणि गॅसचे रिपोर्ट द्या म्हणून. सीओ साहेब (मुख्याधिकारी) म्हणतात डेपो बंद आहे ना, मग रिपोर्ट कसले? फाइलमध्ये एकही कागद नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : साहेबांना आधी एवढंच दाखवा की तुमचा डेपो बंद झाला तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांत डेपो बंद केल्यावर कमीत कमी 15 वर्षं देखभाल आणि मॉनिटरिंग करायचं असं चक्क लिहिलं होतं, म्हणजे तुमची अजून 11 उरलीत आणि तोवर तुमची नि साहेबांची दोघांचीही दोन-तीनदा बदली झालेली असणार. म्हणून पहिली खरेदी गॅस मीटरची नको, एका जाड रजिस्टरची करा. आणि एक हात जोडून सांगतो, मागच्या 4 वर्षांचे रिपोर्ट आता "तयार करून" जोडू नका, लॅबच्या तारखा जुळत नाहीत आणि मग खरंच अडकायला होतं. सरळ लिहून द्या की मॉनिटरिंग झालं नव्हतं, या महिन्यापासून सुरू करतोय, वेळापत्रक सोबत जोडलंय.

आता झाकलेल्या कचऱ्याच्या टेकडीवर चला. वरचं कव्हर म्हणजे खाली 60 सेंटीमीटर चिकणमातीचा थर, त्यावर 15 सेंटीमीटर पाणी निघून जायला ड्रेनेजचा थर आणि सगळ्यात वर 45 सेंटीमीटर झाडोऱ्याची माती. कागदावर फार छान दिसतं, पण आतला कचरा कुजत बसतो, कुठे दीड फूट कुठे तीन फूट खड्डा पडतो, पहिल्या पावसात तिथे डबकं साचतं आणि तेच पाणी आत मुरून काही काळाने लिचेट म्हणून, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं घाण पाणी होऊन, पायथ्याशी बाहेर येतं. आपल्याकडे काळी माती सहज मिळते म्हणून बरेच जण तीच वापरतात, ती पाणी अडवते खरी पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे वरचा थर कुठे वाहून जाऊन काळी माती उघडी पडली असेल तर ते काम आधी. आणि खड्डा भरताना नुसता मुरूम टाकून मोकळे होऊ नका (सगळे हेच करतात!), मुरमातून पाणी आरपार जातं, खाली चिकणमाती दाबूनच भरायची. सुबाभूळ उगवली असेल तर लहानपणीच उपटा, तिची मुळं खोल जातात. मे महिन्यात बाजूचे नाले साफ, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी गमबूट घालून पूर्ण टेकडीला एक फेरी, मोबाइलवर फोटो, रजिस्टरमध्ये नोंद. या फेरीला पैसे लागत नाहीत आणि तीच कोणी मारत नाही.

पाण्याचं म्हणाल तर डेपोच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतलं भूजल तीन वेळा बघायचं, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर. फक्त उताराकडचीच विहीर तपासली तर आकड्यांना अर्थ नाही, वरच्या अंगाची एक तरी हवी म्हणजे फरक डेपोमुळे आहे की मुळातच पाणी तसं आहे ते कळतं.

गॅसमध्ये तर हमखास घोळ होतो. 2016 चा नियम सांगतो की डेपोवरच्या हवेत मिथेन (कचरा कुजून निघणारा, पेट घेणारा गॅस) त्याच्या स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे एलईएलच्या, 25 टक्क्यांवर जाता कामा नये. ती मर्यादा हवेत 5 टक्के मिथेन, म्हणजे प्रत्यक्षात 1.25 टक्के. मीटरवर 25 दिसलं की एक जण लिहितो 25 टक्के मिथेन आणि दुसरा लिहितो 0.25, म्हणून आधी बघा मीटर एलईएलचे टक्के दाखवतोय की हवेतल्या मिथेनचे. शिवाय साधा एलईएल मीटर व्हेंट पाइपमध्ये (आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीत) घालू नका, आत ऑक्सिजन जवळपास नसतो आणि तो मीटर ऑक्सिजनशिवाय नीट चालत नाही, तो आरामात कमी रीडिंग दाखवेल. पाइपसाठी इन्फ्रारेडवाला मागवा, भाड्याने मिळाला तरी चालेल.

प्रश्न : मी नगरसेविका आहे. आमच्या वॉर्डातला डेपो बंद होऊन 6 वर्षं झाली, वर मस्त हिरवळ आहे. लोक मागे लागलेत की तिथे समाजमंदिर आणि मुलांना खेळायला हॉल बांधा. हरकत काय?

उत्तर : ताई, वर हिरवळ आणि खाली कचरा, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. मुंबईचं गोराई बघा, 1972 पासून कचरा पडत होता, 2007 ला बंद केलं, 2009 पर्यंत शास्त्रीय पद्धतीने झाकलं, 19.6 हेक्टरवर साधारण 23 लाख टन. वर गवत लावलं पण खाली गॅस गोळा करायच्या विहिरी आणि पाइप टाकावे लागलेच. उलटं उदाहरण मालाडचं, चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगच्या जागी चकाचक ऑफिसं उभी राहिली आणि मग तिथले कॉम्प्युटर गंजून बंद पडतायत, खालून गॅस येतोय, अशा बातम्या आल्या होत्या.

2016 च्या नियमांप्रमाणे 15 वर्षांचं मॉनिटरिंग झाल्यावर, गॅस आणि लिचेट मर्यादेत आहेत आणि जमीन बसायची थांबलीय हे दिसल्यावरच बांधकामाचा विचार करता येतो. बंद खोली सगळ्यात वाईट. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लॉस्को गावात मार्च 1986 ला जुन्या डेपोजवळचं एक घर गॅसने उडालं, त्या रात्री हवेचा दाब झपकन उतरला होता आणि जमिनीतला गॅस खडकातून सरकत घराच्या खाली आला. नशिबाने माणसं वाचली. म्हणून गॅसचं रीडिंग स्वच्छ उन्हाच्या दिवशी घेऊन खूश होऊ नका, आभाळ भरून आलं, दाब उतरला की घ्यायला सांगा. हॉलसाठी दुसरी जागा शोधा, तीही डेपोच्या भिंतीला लागून नको.

प्रश्न : डेपोपासून पाऊण किलोमीटरवर माझं शेत आहे. बोअरचं पाणी पिवळसर येतं, वास मारतो. नगरपालिकेचे लोक म्हणतात उतार तुमच्याकडे नाहीच.

उत्तर : वरचा उतार आणि खालचं पाणी एकाच दिशेने जातं असं नाही हो, आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून फिरतं आणि भेगा कुठे जातात ते शेताचा बांध बघून कळत नाही. पण दोष डेपोचाच असंही आत्ताच धरू नका, गोठा किंवा संडासाचा शोषखड्डा जवळ असला तरी असंच होतं. क्लोराइड, अमोनिया, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती ते सांगणारा आकडा) तपासून घ्या, जमलं तर दूरच्या एखाद्या चांगल्या विहिरीचाही नमुना त्याच दिवशी द्या. सोबत माहिती अधिकारात डेपोभोवतीच्या विहिरींचे तिन्ही हंगामांचे रिपोर्ट मागा. ते मिळाले तर तुमच्या आकड्यांशी ताडून बघा, आणि "उपलब्ध नाहीत" असं उत्तर आलं तर तोच कागद तक्रारीला जोडून प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या. तोवर ते पाणी प्यायला नको, उकळूनसुद्धा नको, उकळल्याने जंतू मरतात, क्लोराइड जात नाही.