गुडघ्यात इंजेक्शन नर्सने दिलं, बिलावर नाव डॉक्टरांचं!

प्रश्न : माझे बाबा ७६ वर्षांचे, अमेरिकेत एडिसनला आमच्याकडेच असतात, त्यांचं मेडिकेअर (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. मार्चमध्ये ऑर्थोच्या डॉक्टरांनी उजवा गुडघा तपासून कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. आता डावा दुखायला लागला म्हणून परत नेलं तर सगळं नर्स प्रॅक्टिशनरनेच (जादा शिकलेली, स्वतः तपासून उपचार करू शकणारी नर्स) केलं, तपासलं तिने, सुई पण तिनेच टोचली. डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते, पण साधे डोकावले सुद्धा नाहीत. आणि मेडिकेअरच्या कागदावर नाव कोणाचं, तर डॉक्टरांचं! ही लुबाडणूक नाही का?

उत्तर : ताई, नुसतं डोकावले नाहीत म्हणून लुबाडणूक होत नाही. मेडिकेअरमध्ये 'इन्सिडेंट टू' नावाचा एक नियम आहे, म्हणजे डॉक्टरांनी पेशंटला आधी स्वतः बघून ट्रीटमेंट ठरवली असेल आणि पुढेही तेच लक्ष ठेवून असतील तर त्यातलं पुढचं काम क्लिनिकमधल्या नर्स प्रॅक्टिशनरने केलं तरी बिल डॉक्टरांच्या बिलिंग नंबरवर पूर्ण रेटने जातं. तेव्हा डॉक्टर क्लिनिकमध्ये असले की झालं, त्याच खोलीत हवेत असं नाही, कोविडपासून तर बऱ्याच कामांना व्हिडिओवरची हजेरीही चालते.

खरी गोम आहे ती डाव्या गुडघ्यात. डॉक्टरांनी बघितला तो उजवा. डावा ही नवी तक्रार, तो त्यांनी तपासलाच नाही तर हा नियम लागूच होत नाही. मग बिल नर्स प्रॅक्टिशनरच्या स्वतःच्या नंबरवर जायला हवं, आणि तिथे रेट डॉक्टरांच्या ८५ टक्के, १९९७ च्या कायद्यापासून हे असंच आहे. डॉक्टरांच्या नावाने १०० डॉलर मंजूर झाले तर बाबांच्या वाट्याला २० टक्क्यांनी २० येतात, तिच्या नावाने १७. तीन डॉलरचा काय तो फरक, पण क्लिनिकला असे पेशंट दिवसभर येत असतात!

मला विचाराल तर त्याहून वाईट हे की तिने केलेलं काम कागदावर कुठे दिसतच नाही. मेडिकेअरची सल्लागार संस्था मेडपॅक, तिनेसुद्धा २०१९ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरसाठी ही सोय बंद करा असं सुचवलं होतं.

साध्या आरएन (रजिस्टर्ड) नर्सचं तर विचारूच नका, तिला मेडिकेअरकडे स्वतःचं बिल लावताच येत नाही. हॉस्पिटलमध्ये पिक लाइन घालणारी टीम बहुतेकदा नर्सेसचीच असते, दंडातली शीर सोनोग्राफीवर शोधून नळी पार हृदयाजवळ नेतात, आणि ते सगळं हॉस्पिटलच्या खर्चात जमा. इन्सिडेंट टू हॉस्पिटलात चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांनाही ते आपलं म्हणून लावता येत नाही.

आता तुम्ही आधी क्लिनिकच्या बिलिंगला फोन करा, त्या दिवशीची व्हिजिट नोट मागा आणि डावा गुडघा कोणी तपासला असं लिहिलंय ते बघा. ते टोलवाटोलवी करायला लागले तर १-८००-६३३-४२२७ वर मेडिकेअरला कळवा. त्या मुलीवर मात्र चिडू नका, क्लेम कोणाच्या नावाने गेला हे बरेचदा तिलाही माहीत नसतं.