विंडोज ८ डेस्कटॉपवर वापरायला इतकं अवघड का वाटायचं?

कारण ते बोटासाठी बेतलं होतं, माउससाठी नाही. २०१२ साली स्टार्ट बटण गेलं आणि स्क्रीनभर टाइल्स, म्हणजे मोठी चौकोनी बटणं, आली. साधा पीसी बंद करायचा तर पॉइंटर उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथे बटणांची पट्टी डोकावली की कडेकडेनेच सरकवायचा, जरा बाजूला गेला की पट्टी गायब. मग सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन! टॅब्लेटवर हीच पट्टी बोट कडेवरून आत ओढलं की यायची. माउसला मोठी बटणं नकोत, समोर दिसणारी हवीत. टचस्क्रीन मॉनिटर घेऊनही भागत नाही; उभ्या पडद्यासमोर हात उचलून ठेवला की खांदा भरून येतो. २०१३ मध्ये ८.१ ने बटण परत दिलं, पण खरा स्टार्ट मेनू २०१५ च्या विंडोज १० मध्येच आला. अजून ८.१ असेल तर कीबोर्डवरची विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, शट डाउन तिथेच आहे.