चारही एकर कपाशी लावू नको, एक एकर मेंढ्यांच्या नावावर ठेव

बेटा,

तुझा मेसेज वाचला. चार एकर वावर, घरच्या चाळीस मेंढ्या, आणि यंदा चारही एकरात कपाशी टाकायचा विचार. स्पष्टच सांगतो, असं करू नको. एक एकर आणि सगळे धुरे, म्हणजे बांध, मेंढ्यांसाठी राखून ठेव.

काहून म्हणशील तर हिशोब साधा आहे. तीसेक किलोच्या मेंढीला दिवसाला किलोभर सुका चारा लागते, हिरवा असला तर तीनेक किलो, म्हणजे तुझ्या कळपाला रोज ४० किलो सुका चारा आणशील कुठून? पावसाळ्यात सगळ्यांच्या पेरण्या झालेल्या असतात, नागपूरजवळ उमरेड रोडकडं जा नाहीतर हिंगण्याकडं, जिथं पडीत होतं तिथं आता घरांच्या प्लॉटचे लेआउट पडले. मग कळप कोणाच्या तरी उभ्या सोयाबीनमध्ये घुसते आणि वर्षभराचं भांडण लागते.

त्या एकरात ज्वारी आणि चवळी मिसळून पेर. चवळीनं चारा पौष्टिक होते आणि जमिनीत नत्रही धरते. पण ज्वारीचं एक नीट ध्यानात ठेव, हे मी तुला परत परत सांगणार. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पावसानं दडी मारल्यावर सुकत चाललेली ज्वारी, आणि कापणीनंतर खोडाला फुटलेले कोवळे कोंब, या तिन्हींत विष असते. मेंढीनं पोटभर खाल्लं की थोड्याच वेळात धापा टाकायला लागते, तोंडाला फेस येते, पाय लटपटतात आणि आडवी होते, डॉक्टरनं वेळेवर इंजेक्शन दिलं तर वाचते नाहीतर गेली. म्हणून ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापून घाल आणि तोवर त्या वावराकडं कळप फिरकू देऊ नको. एवढं लक्ष ठेवणं जमणार नसेल तर सरळ बाजरी पेर, तिच्यात हे विष नसते.

आता मातीचं. आपली काळी जमीन ओली असताना तिच्यावर मेंढ्या घालणं म्हणजे दोघांचंही नुकसान, जमीन तुडवून घट्ट होते आणि मेंढ्यांचे खूर सडतात. पावसाळ्यात कळप वरच्या बरडावर, मुरमाड जमिनीवर ठेव. काळ्या वावरात खतासाठी रात्री मेंढ्या बसवायच्या त्या पीक निघाल्यावर, म्हणजे आता होळीपासून मे महिन्यापर्यंत.

बसवतानाही पद्धत आहे. एका मेंढीला रात्री साधारण एक चौरस मीटर जागा पुरते, तुझ्या ४० मेंढ्यांनी रोज जागा बदलली तरी एक एकर व्हायला शंभर रात्री लागतील, म्हणून यंदा सगळं वावर करायच्या मागं लागू नको, जिथं पीक पिवळं पडते, वाढ खुंटते तो तुकडा निवड आणि कळपाभोवतीची जाळी रोज सरकवत ने. एकाच जागी आठवडाभर ठेवलं तर तिथं पीक माजते, लोळते, मावा पडते आणि बाकीचं वावर उपाशी राहते. सकाळी लेंड्या पाहशील तर काही सुट्या, काही मुतात भिजून मातीला चिकटलेल्या, आणि जवळ वाकलं की नाकात झणझणते. तो वास म्हणजे तुझं नत्र हवेत उडून चाललं. त्यामुळं एक-दोन दिवसांत वरच्यावर वखर मारून ते मातीत मिसळ, खोल नांगरायची गरज नाही. मेंढीच्या लेंडीखतात नत्र साधारण ३ टक्के, आपल्या शेणखतात जेमतेम अर्धा टक्का, आणि मूत तर थेट जमिनीतच मुरते. उगाच नाही लोक रबाऱ्यांचे, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचे, डेरे आले की पैसे देऊन मेंढ्या बसवून घेत. तुझ्या तर घरच्याच आहेत नं. माती तपासणीचा नमुना मात्र मेंढ्या बसवायच्या आधी काढ, नाहीतर रिपोर्टवरून काहीच कळणार नाही.

कपाशीच्या तीन एकराबद्दल: फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं ठेवून पुन्हा पीक, घेऊ नको. डिसेंबरअखेर वेचणी आटपून कळप पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांत, सोड, मेंढ्या पाला आणि उरलीसुरली बोंडं खातात, त्याबरोबर बोंडांतली गुलाबी अळीही जाते. पण शेवटची फवारणी कधी केली, कशाची केली हे लिहून ठेव आणि डब्यावरच्या मुदतीपेक्षा जास्तच दिवस जाऊ दे. शेजारच्या वावरात कळप घालायचा तर आधी त्याला विचारल्याशिवाय पाय टाकू नको, ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात.

धुऱ्यावर शेवरी आणि सुबाभूळ लाव, सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, लोकर झडते. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची, लस पावसाच्या आधी, मे महिन्यातच टोचून घे, कोवळं गवत आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

आणि सोयाबीन-तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आत्ता विकू नको. लोक दारात येऊन भाव सांगतील, चांगला भाव सांगतील, तरी थांब. कोरड्या जागी, ताडपत्रीखाली भरून ठेव, त्यातलं जे काही ऑगस्टमध्ये नवा चारा कापायला आल्यावर उरेल तेवढंच वीक.