ल्युथरन आणि कॅथलिक यांच्यातील वाद खरोखर मिटला आहे का?

आपण विचारले आहे की, पाचशे वर्षे वेगळे राहिलेले ल्युथरन (मार्टिन ल्युथर यांना अनुसरणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) आणि कॅथलिक (पोपमहोदयांना प्रमुख मानणारे ख्रिस्ती) आता एकत्र प्रार्थना करताना दिसतात, तर त्यांच्यातील वाद मिटला आहे की केवळ सौजन्य वाढले आहे. मी वसईचा कॅथलिक असून अनेक वर्षे जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात राहतो आणि माझी पत्नी ल्युथरन आहे. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातलाच आहे. माझ्या मते ज्या वादातून ताटातूट झाली तो बऱ्याच अंशी मिटला आहे, ऐक्य मात्र अजून झालेले नाही.

मनुष्य देवापुढे नीतिमान कशामुळे ठरतो, हा तो मूळ वाद. १५१८ साली धर्मसुधारणेची चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्युथर यांना पोपचे प्रतिनिधी कार्डिनल कायेटान यांच्यापुढे जाब देण्यासाठी आउग्सबुर्गला बोलावण्यात आले, तेव्हा ते येथील संत आन्ना मठात उतरले होते. त्याच संत आन्ना चर्चमध्ये ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी व्हॅटिकन आणि ल्युथरन जागतिक महासंघ (जगभरातील ल्युथरन चर्चेसची संघटना) यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने आणि ख्रिस्तावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करते, असे दोघांनी त्यात एकमुखाने म्हटले, आणि सोळाव्या शतकात परस्परांवर केलेले धिक्कार या घोषणापत्रात मांडलेल्या शिकवणुकीला लागू होत नाहीत, असेही मान्य केले. हे सहज घडले नाही. १९६७ पासून संवाद चालू होता, आणि सह्या होण्याआधी जर्मनीतील शंभराहून अधिक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी जाहीर विरोध नोंदवला होता. मला तो विरोध महत्त्वाचा वाटतो, कारण मतभेद झाकून केलेली ही तडजोड नव्हती, हे त्यावरून दिसते.

समान वारसा तर कधी तुटलाच नव्हता. बायबल, विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) आणि बाप्तिस्मा दोघांचेही आहेत. २००७ साली माग्डेबुर्ग येथे जर्मनीतील अकरा चर्चेसनी एकमेकांचा बाप्तिस्मा औपचारिकरीत्या मान्य केला. मला स्वतःला हा वारसा सर्वांत जवळून भेटतो तो गीतांच्या पुस्तकात. आमच्या घरी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी दोन्ही पुस्तके आहेत, आणि दोन्हींत काही गीतांच्या क्रमांकापाशी डोक्यावर दोन टिंबे असलेले ‘ओ’ हे जर्मन अक्षर छापलेले असते. त्या गीताचे शब्द आणि चाल दोन्ही चर्चेसनी मिळून ठरवली आहे, अशी ती खूण. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात माझी पत्नी तिच्या चर्चमध्ये फ्रीडरिश श्पे या कॅथलिक येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूचे गीत गाते आणि मी माझ्या चर्चमध्ये ल्युथरन कवीचे.

३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस आणि महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष बिशप मुनीब युनान यांनी धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षाची सुरुवात एकत्र उपासनेने केली. तेथील निवेदनात अशा दांपत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, जी सारे आयुष्य वाटून घेतात पण प्रभूच्या मेजावर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद (उपासनेत ख्रिस्ताचे शरीर व रक्त म्हणून दिली जाणारी भाकर व द्राक्षरस) घेण्यासाठी, एकत्र येऊ शकत नाहीत. ख्रिस्तप्रसाद, धर्मगुरुपद आणि पोपमहोदयांचा अधिकार या विषयांवर अजून एकमत झालेले नाही. जर्मन कॅथलिक बिशपांच्या २०१८ च्या मार्गदर्शनात अशा विवाहांतील जोडीदारांसाठी ख्रिस्तप्रसाद घेण्याची अपवादात्मक वाट सुचवलेली आहे, परंतु सर्वांसाठी सरसकट मुभा नाही.

या कारणाने रविवारी ख्रिस्तयागाला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, माझी पत्नी माझ्याबरोबर रांगेत येते, दोन्ही हात छातीवर ठेवते, आणि फादर तिला आशीर्वाद देतात. मी ख्रिस्तप्रसाद घेतो आणि आम्ही दोघे एकाच बाकावर परत येऊन गुडघे टेकतो.