मिस्टर समुपदेशनाला येत नाहीत, मी एकटीने जाऊ का?

प्रश्न : लग्नाला १४ वर्षं झाली. भांडण झालं की मिस्टर चार-चार दिवस अबोला धरतात. मी आधी विनवते, मग चिडते, मग रडते. समुपदेशनाचं नाव काढलं की ‘मला काय वेड लागलंय का?’ म्हणतात. मी एकटीने जाऊन उपयोग होईल का? — एक वाचक, नाशिक

होईल, जरूर जा. पण ‘यांना कसं बदलू?’ एवढाच प्रश्न घेऊन गेलात, तर दोन-तीन भेटींतच निराशा पदरी पडेल. तुमच्या भांडणांचा एक क्रम ठरून गेला आहे. ते गप्प होतात, तुम्ही पाठ सोडत नाही, म्हणून ते आणखी मिटतात. यातली तुमची कडी तुमच्या हातात आहे. ती बदलली की पुढचं सगळं जसंच्या तसं घडणं अवघड होतं.

समुपदेशकाकडे जाताना मिस्टरांच्या स्वभावाचा पाढा नेऊ नका, शेवटचं एक भांडण न्या. ‘ते नेहमीच असं करतात’ यावर कोणालाच काम करता येत नाही. ‘रविवारी रात्री जेवताना मी लाइटबिलाचा विषय काढला, यांनी ताट सरकवलं आणि मोबाइल उचलला, मी म्हटलं, तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही’ यावर येतं. पहिलं वाक्य कोणाचं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं, तुम्ही काय केलंत, हे आठवेल तेवढं त्याच रात्री लिहून ठेवा. दोन दिवसांनी लिहिलं तर त्यात आपली बाजू आपोआप उजळ होत जाते.

गप्प बसणारा माणूस निर्विकार दिसतो, पण आतून तसा असतोच असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी वाद घालणाऱ्या जोडप्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ते मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. अशा वेळी ‘बोला ना, का बोलत नाही?’ म्हणून मागे लागलात तर ठोके वाढतातच.

म्हणून घरात शांतता असताना, चहाच्या वेळी, एक गोष्ट ठरवा : दोघांपैकी कोणीही ‘आता थांबू या’ म्हणू शकेल, पण पुन्हा कधी बोलायचं ते थांबणाऱ्यानेच सांगायचं. ‘साडेनऊला बोलू’, एवढं पुरतं. मधला वेळ किमान २० मिनिटांचा हवा, आणि विषय उद्यावर न्यायचा तर तेही वेळ सांगूनच. ही युक्ती फसते ती बहुतेक दोन ठिकाणी. एक तर थांबलेला माणूस परत येत नाही आणि थांबणं म्हणजे अबोल्याचंच नवं नाव होतं. किंवा त्या वेळात मनातल्या मनात भांडण चालूच राहतं, ‘आता असं म्हणाले तर मी तसं म्हणेन’, आणि शरीर काही शांत होत नाही. चालायला जा, भांडी घासा, गाणी लावा. माहेरी फोन मात्र नको.

परत बसल्यावरचं पहिलं वाक्य मऊ हवं. ‘मला वाटतं तुम्ही बेजबाबदार आहात’ हा आरोपच झाला, सुरुवातीला ‘मला वाटतं’ जोडल्याने तो सौम्य होत नाही. ‘बिल थकलं की मला धास्ती वाटते. दर महिन्याच्या पाच तारखेला आपण दोघं बसून हिशेब करू या का?’ यात भावना आहे, कारण आहे आणि करता येण्याजोगी मागणी आहे. हे आठ-दहा वेळा अवघडल्यासारखंच वाटेल, तरी सोडू नका.

पण अबोला तुम्हाला नमवण्यासाठी, माफी मागायला लावण्यासाठी किंवा घरखर्चाचे पैसे अडवण्यासाठी वापरला जात असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. तसं असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : नवरा अधूनमधून हात उचलतो. सासूबाई म्हणतात, दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. जावं का? — एक वाचक, जळगाव

एकत्र नाही. तुम्ही तिथे खरं बोललात तर घरी गेल्यावर त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल, आणि खरं बोलला नाहीत तर त्या भेटीचा उपयोग नाही. मारहाण हा दोघांच्या संवादाचा दोष नाही. ती जबाबदारी मारणाऱ्याची आहे. आधी एकट्याने मदत घ्या. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१, तातडीच्या प्रसंगी ११२. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत; १९८४ साली मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेने ते सुरू केले आणि तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं.

प्रश्न : एक ‘लाइफ कोच’ तीन महिन्यांच्या पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ मागत आहेत. कोच, समुपदेशक आणि सायकॉलॉजिस्ट यांत फरक काय? — एक वाचक, ठाणे

आपल्याकडे ‘लाइफ कोच’ ही पाटी कोणीही लावू शकतो, त्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. चांगले कोच असतात. नोकरीतला बदल, वेळेचं नियोजन, ठरवलेलं पार पाडणं यासाठी त्यांचा उपयोगही होतो. पण झोप उडाली आहे, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न आहे, धडधडीचे झटके येतात, दारू वाढली आहे, तर ते काम कोचचं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा, विचारण्यात काही गैर नाही. औषधं मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देतात.

आगाऊ पैसे देऊ नका. एका भेटीचे द्या. पहिल्या फोनवर विचारा : शिक्षण कुठे आणि काय, माझ्यासारख्या अडचणीवर कोणत्या पद्धतीने काम करता, चार-पाच भेटींनंतर आढावा घेता का, गोपनीयता कुठे संपते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाचं लैंगिक शोषण होत असेल तर गुप्तता पाळता येत नाही, हे जाणकार माणूस आपणहून सांगतो. ‘शंभर टक्के गुण येईल’ किंवा ‘गोळ्या बंद करा’ असं कोणी म्हणालं की तिथून उठा.

आत्महत्येचे विचार येत असतील तर भेटीची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : वय २७. आईच्या साध्या बोलण्यावरही भडकतो, मग पश्चात्ताप होतो. रोज डायरी लिहितो, पण लिहून आणखी त्रास होतो. — एक वाचक, पुणे

पानंच्या पानं लिहिल्याने बहुधा तोच राग पुन्हा घोटला जात असावा. डायरी बंद करा आणि वहीत पाच रकाने आखा : प्रसंग, मनात आलेलं वाक्य, भावना आणि तिची तीव्रता शून्य ते शंभर, मी काय केलं, आणि आता पाहता दुसरं कोणतं वाक्य खरं ठरेल. आठवड्याला दोन-तीन प्रसंग, प्रत्येकी दहा मिनिटं, जास्त नाही.

दुसऱ्या रकान्यात अडायला होतं, कारण तिथे ‘राग आला’ असंच लिहिलं जातं. राग तिसऱ्या रकान्यातला. आई म्हणाली, ‘आज पण उशीर?’, त्या क्षणी मनात आलं ते ‘हिने मला असं विचारताच कामा नये’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा सगळा भर याच वाक्यावर आहे. ‘विचारलं नसतं तर बरं झालं असतं’ ही इच्छा झाली, ‘विचारताच कामा नये’ ही सक्ती. पहिल्यातून नाराजी येते, दुसऱ्यातून संताप. पाचव्या रकान्यात गोडगोड वाक्य लिहू नका. ‘आई काळजीपोटीच बोलते’ हे तुम्हाला पटत नसेल तर त्याने काही हलत नाही. पटेल तेवढंच लिहा : ‘तिचं विचारणं मला आवडत नाही, पण ते मी सहन करू शकतो.’ मग तीव्रता पुन्हा मोजा. ऐंशीची साठ झाली तरी ते काम झालं. सहा आठवड्यांनी काहीच हललं नाही, किंवा राग वस्तू फेकण्यापर्यंत जात असेल, तर वही घेऊन सायकॉलॉजिस्टकडे जा. पहिल्याच भेटीत ती त्यांच्या फार कामाला येईल.